वाढपी कोण आणि पान कोणाचे?

मंडळी, पंगतीचा एक जुना नियम आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. वाढपी ओळखीचा असला म्हणजे शेवटच्या पानावर बसले तरी चालते, बुंदी मिळतेच. पण समजा, वाढपी दोनच आहेत, जेवायला बसलेले तेच दोघे आहेत आणि ताटात वाढलेला लाडू म्हणजे दुसऱ्या कोणाची तरी जमीन आहे. मग त्या दुसऱ्याने काय करायचे?

या वेळी अशाच एका चित्राची गोष्ट सांगायची आहे. चित्र विलायतेतले आहे, दोनशे वर्षांहून जुने आहे. परंतु चाकण, खेड, मावळ, मुळशीच्या माणसाला ते फारसे समजावून सांगावे लागणार नाही.

चित्रात एक जेवणाचे मेज आहे. मेजावर मोठ्या ताटात एक वाफाळता गोल पदार्थ ठेवला आहे. इंग्रज लोक नाताळात 'प्लम पुडिंग' नावाचे पक्वान्न करतात. पीठ, मनुका, चरबी असे कालवून, फडक्यात बांधून उकडलेला तो गोळा असतो. चित्रातला गोळा मात्र साधा नाही. नीट पाहिले की कळते, ही तर पृथ्वी आहे! तिच्यावर समुद्र आहे, खंड आहेत, बेटे आहेत.

डाव्या हाताला एक उंच, काटकुळा माणूस बसला आहे. तो विल्यम पिट, इंग्लंडचा त्या वेळचा पंतप्रधान. त्याच्या हातातला काटा त्रिशूळासारखा आहे आणि सुरीने तो महासागराचा भला मोठा तुकडा कापतो आहे. उजव्या हाताला एक बुटका, लालबुंद आवेशाचा माणूस खुर्चीतून अर्धवट उठून वाकला आहे. तो फ्रान्सचा बादशहा नेपोलियन. त्याच्या हातात जेवणाची सुरी नाही, तलवार आहे आणि तिने तो युरोप कापून घेतो आहे. दोघांच्या नजरा पाहण्यासारख्या आहेत. प्रत्येकाचे लक्ष आपल्या तुकड्याकडे आहेच, पण त्याहून जास्त दुसऱ्याच्या तुकड्याकडे आहे. वाटणीला बसलेल्या भावकीत ही नजर आपण पाहिलेली आहे.

हे चित्र काढले जेम्स गिलरे या इंग्रज चित्रकाराने आणि ते लंडनमध्ये प्रसिद्ध झाले २६ फेब्रुवारी १८०५ रोजी. नेपोलियनने डिसेंबर १८०४ मध्ये स्वतःला बादशहा म्हणून राज्याभिषेक करवून घेतला होता आणि जानेवारी १८०५ मध्ये इंग्लंडच्या राजाकडे तहाची भाषा सुरू केली होती. गिलरेने त्या तहाचा अर्थ एका जेवणाच्या ताटात दाखवून दिला. समुद्र तुमचा, जमीन आमची, आणि मिटले!

आता हे चित्र तयार कसे होई ते ऐका. तांब्याचा सपाट पत्रा घेत. त्यावर मेणासारख्या द्रव्याचा पातळ थर देत. मग टोकदार सुईने त्या थरावर चित्र कोरत. चित्र उलटे कोरावे लागे, कारण छापताना ते सुलटे होते. नंतर पत्र्यावर तेजाब सोडत. जेथे मेण खरवडलेले असेल तेथे तेजाब तांबे खाई आणि बारीक चर पडत. त्या चरांत शाई भरून कागद दाबला की काळी रेघ उमटे. रंग मात्र यंत्राने येत नसे. रंग भरायला माणसे बसत. समोर एक नमुना ठेवून ती एकेका कागदावर कुंचल्याने रंग चढवीत. म्हणून साधी प्रत स्वस्त आणि रंगवलेली प्रत महाग. आणि म्हणूनच हाताने रंगवलेल्या दोन प्रती कधी तंतोतंत सारख्या नसत. एकीत अंगरख्याचा रंग गडद, तर दुसरीत फिका.

गिलरेची चित्रे विकणारे दुकान हॅना हम्फ्री नावाच्या बाईंचे होते. दुकान लंडनच्या सेंट जेम्स रस्त्यावर होते आणि गिलरे त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहत असे. नवे चित्र निघाले की बाई ते दुकानाच्या काचेत लावीत. मग रस्त्यावर ही गर्दी! विकत घेण्याची ऐपत नसलेले लोकही काचेपाशी उभे राहून पोटभर हसत. वाचता येणे जरुरीचे नव्हते. पंतप्रधान काटकुळा आणि बादशहा बुटका, एवढे ओळखले की झाले. खरे तर नेपोलियन त्या काळच्या मानाने सर्वसाधारण उंचीचाच होता. गिलरेने त्याला चित्रांत इतके आखूड केले की आजही जग त्याला बुटकाच समजते. कुंचल्याची ताकद ती किती, हे यावरून ध्यानात यावे.

या गिलरेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १७९७ पासून काही वर्षे त्याला पिटच्याच सरकारकडून गुपचूप वार्षिक तनखा मिळत होता. त्या काळात त्याने सरकारच्या विरोधकांना चांगलेच झोडपले. पुढे तनखा थांबला आणि १८०५ मध्ये त्याने पिटलाही नेपोलियनसमोर सुरी देऊन बसवले. यातून आपण एवढे घ्यावे की हसवणारे चित्र पाहतानाही चित्रकाराच्या ताटात कोण वाढतो, ते विचारावे. गिलरेचा शेवट दुःखाचा झाला. त्याची दृष्टी मंदावली, मन ढळले आणि १८१५ मध्ये तो वारला. चित्र मात्र टिकले. वर्तमानपत्रांतील चित्रकारांनी त्यातल्या दोघांची डोकी बदलून नवनव्या सत्ताधाऱ्यांना त्याच मेजावर बसवले. आजही चित्रकार कापडावर कुंचल्याने त्याची हुबेहूब नक्कल रंगवतात आणि लोक ती विकत घेऊन भिंतीवर लावतात.

आता तुम्ही म्हणाल, पिट काय, नेपोलियन काय, आपला काय संबंध? संबंध आहे, आणि तो फार जवळचा आहे.

त्या चित्रात पृथ्वीची जी बाजू आपल्यासमोर येते ती अटलांटिक महासागराची. हिंदुस्थान गोळ्याच्या पलीकडच्या बाजूला राहतो. पण सुरी तेथेही चाललेलीच होती. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी पुण्याजवळ हडपसरला यशवंतराव होळकरांनी पेशवे आणि शिंदे यांच्या फौजेचा पराभव केला. दुसरे बाजीराव पुणे सोडून पळाले आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईला त्यांनी इंग्रजांशी तह केला. गादी परत मिळाली, पण इंग्रजी फौज घरात आली आणि तिच्या खर्चासाठी मुलूख तोडून द्यावा लागला. ऑगस्ट १८०३ मध्ये अहमदनगरचा किल्ला पडला. सप्टेंबरमध्ये असईची लढाई झाली, नोव्हेंबरमध्ये अडगावची, डिसेंबरमध्ये गाविलगड गेला. त्याच महिन्यात भोसल्यांनी देवगावचा आणि शिंद्यांनी सुर्जी-अंजनगावचा तह केला. म्हणजे वर्षभराच्या आत तीन तह झाले आणि प्रत्येक तहात मुलखाचा तुकडा गेला. गिलरेचे चित्र लंडनच्या काचेत लागले त्या फेब्रुवारी १८०५ मध्ये इंग्रज सेनापती लेक भरतपूरच्या तटावर धडका देत होता आणि आत भरतपूरच्या राजाच्या बरोबरीने होळकर उभे होते. तो किल्ला त्या वेळी इंग्रजांना घेता आला नाही.

या सगळ्या धामधुमीत आपल्या भागातल्या कुणब्याचे काय झाले? फौजा गेल्या त्या वाटेवरची पिके गेली, बैल गेले, वर पाऊसही रुसला. १८०३-०४ मध्ये दख्खनेत मोठा दुष्काळ पडला. वसईच्या तहाच्या कागदावर सह्या झाल्या तेव्हा मावळातल्या किंवा खेडच्या कोणा शेतकऱ्याला कोणी विचारले नव्हते. लाडवाला कोणी विचारते का, की बाबा, तुला कसे कापू?

योगायोग असा की १८०५ सालीच लंडनमध्ये पुण्याचे एक भव्य तैलचित्र पुरे झाले. १७९० मध्ये सवाई माधवराव पेशव्यांच्या दरबारात इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याने जो तह केला, त्याचा तो देखावा. जेम्स वेल्स नावाच्या चित्रकाराने पुण्यात राहून त्याची रेखाटने केली होती. तो १७९५ मध्ये वारला, म्हणून पुढे थॉमस डॅनियलने ते चित्र पूर्ण केले. आज ते लंडनच्या टेट संग्रहात आहे. त्यात झुळझुळीत अंगरखे, पगड्या, गालिचे, अदब, सगळे आहे. सुरी मात्र कोठेच नाही. एकाच शहरात, एकाच साली दोन चित्रे तयार झाली. दरबारी चित्रात तहाचा मान दिसतो आणि गिलरेच्या चित्रात तहाचे पोट दिसते. दोन्ही शेजारी ठेवून पाहावीत, म्हणजे सरकारी सोहळ्याचा फोटो कसा पाहावा तेही समजते.

तरी गिलरेच्या चित्रात एक उणीव राहते. कापणारे दोघे त्याने ठसठशीत दाखवले. ज्यांचे कापले जाते ती माणसे मात्र चित्रात नाहीत. गोळ्यावर देश आहेत, माणूस नाही.

तो माणूस चित्रात आणला आपल्याकडच्या एका चित्रकाराने. आर. के. लक्ष्मण यांचे नाव शाळकरी मुलांनाही ठाऊक असेल. म्हैसूरचा हा तरुण चित्रकला शिकण्यासाठी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत अर्ज करतो आणि शाळा त्याला प्रवेश नाकारते! पुढे ते मुंबईच्या वर्तमानपत्रात व्यंगचित्रकार झाले. 'फ्री प्रेस जर्नल'मध्ये बाळ ठाकरे त्यांचे सहकारी होते. त्याच ठाकऱ्यांनी १९६० मध्ये 'मार्मिक' हे व्यंगचित्रांचे मराठी साप्ताहिक काढले. लक्ष्मण 'टाइम्स ऑफ इंडिया'त गेले आणि १९५१ पासून पहिल्या पानावर त्यांचे एक छोटे चित्र रोज येऊ लागले.

सुरुवातीला ते चित्रात निरनिराळ्या प्रांतांतली माणसे काढीत. पण रोज छपाईची वेळ गाठायची तर इतकी माणसे काढायला सवड कोठली? एकेक कमी होत गेला आणि शेवटी एकच उरला. धोतर, चौकटीचा कोट, गोल चष्मा, टक्कल आणि झुबकेदार मिशा. हाच तो 'सामान्य माणूस'. मंत्री भाषण देतो, अधिकारी फाईल हलवतो, कंत्राटदार पूल बांधतो आणि हा कोपऱ्यात उभा राहून पाहतो. बोलत मात्र काही नाही. पन्नास वर्षे तो असाच गप्प उभा राहिला. त्याची बायको तेवढी कधीमधी स्पष्ट बोलते. आमच्या भगिनींना यात नवल वाटणार नाही.

लक्ष्मण शेवटची वर्षे पुण्यात राहिले आणि २६ जानेवारी २०१५ रोजी पुण्यातच वारले. त्यांच्या सामान्य माणसाचा पुतळा २००१ पासून पुण्यात सिंबायोसिस संस्थेच्या आवारात उभा आहे. पुण्याच्या बालेवाडीत लक्ष्मण यांच्या चित्रांचे संग्रहालय झाले आहे. त्याचे उद्घाटन ६ मार्च २०२२ रोजी झाले. पिंपरी-चिंचवडहून हे ठिकाण अगदी शेजारी आहे. मुलांना घेऊन पुण्याला गेलात तर एक चक्कर टाकावी.

लक्ष्मण यांचा माणूस गप्प होता. पण आपल्या चाकणला हा गप्प माणूस एक दिवस बोलला. स्वित्झर्लंडमधली मोठी नोकरी सोडून आलेले शरद जोशी चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेऊन शेती करू लागले. हिशोब मांडला तेव्हा त्यांना दिसले की घाम गाळून पिकवलेल्या मालातून खर्चही निघत नाही. १९७८ पासून चाकणच्या बाजारात कांद्याच्या भावासाठी आंदोलन उभे राहिले. जानेवारी १९८० मध्ये खेड तालुक्यातल्या वांद्रे गावापासून चाकणपर्यंत शेतकरी रस्त्याच्या मागणीसाठी पायी चालत आले. त्यात बायाबापड्या होत्या, लेकरे होती. त्याच वर्षी कांद्यासाठी पुणे-नाशिक रस्ताही अडवला गेला. कोपऱ्यातला माणूस मेजापाशी येऊन उभा राहिला तो असा.

आता आजच्या दिवसाचे बोलू. १९५४ मध्ये पिंपरीला पेनिसिलीनचा कारखाना आला, हिंदुस्थान अँटिबायोटिक्स. १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरीच्या ज्वारी-बाजरीच्या रानांत चिमण्या उभ्या राहिल्या. १९८२ मध्ये त्या गावांची महानगरपालिका झाली. पुढे सुरी चाकणकडे वळली. १९९० नंतर तेथे औद्योगिक वसाहत वाढली आणि मोटारींचे मोठमोठे कारखाने आले. या सगळ्याने अनेक घरांत पगार आला, पोरे शिकली, पक्की घरे झाली. हे नाकारून चालणार नाही. परंतु ज्या घरात जमिनीचा पैसा आला आणि दोन-चार वर्षांत गाडी, लग्न, बंगला यांत संपला, त्या घरच्या म्हाताऱ्यांनाही विचारून पाहा. पैसा आला तेव्हा दारात माणसे मावत नव्हती. पैसा गेला तेव्हा रानही नव्हते.

म्हणून या चित्राचा आपल्यापुरता बोध साधा आहे. जमिनीचा नकाशा कोठे तरी मेजावर पसरला जातोच. रस्ता असो, वसाहत असो, विकास आराखडा असो, रेघ आखणारा कोणी तरी असतो. पिटच्या काळात लाडवाला बोलायची सोय नव्हती. आपल्याला कायद्याने ती आहे. आराखडा प्रसिद्ध झाला की हरकती देण्यासाठी मुदत असते. संपादनाची नोटीस आली की आपले म्हणणे मांडता येते. पण हरकत मुदतीतच द्यावी लागते, ती लेखी द्यावी लागते आणि तिची पोच घ्यावी लागते. सातबारा वेळच्या वेळी काढून पाहावा. वारसांची नावे लागली आहेत की नाहीत, बहिणींची नावे लागली आहेत की नाहीत, मोजणीचा नकाशा घरात आहे की नाही, हे सुरी जवळ येण्याआधी पाहायचे असते. आणि व्यवहार करायचाच असेल तर कागदावर सही करण्याआधी घरातल्या सगळ्यांना, विशेषतः घरधनिणीला, तो कागद वाचून दाखवावा. ती जे विचारील त्याचे उत्तर देता आले नाही, तर सही एक आठवडा पुढे ढकलावी.

शेवटी मुलांसाठी एक उद्योग सांगतो. फ्लेक्सचे फलक येण्याआधी आपल्या भागातले पेंटर दुकानाच्या पाट्या, ट्रकची पाठ, निवडणुकीच्या भिंती, सगळे हातानेच रंगवीत. लहान चित्र भिंतीवर मोठे करण्याची त्यांची रीत सोपी आहे. गिलरेचे मूळ चित्र साधारण १० इंच उंच आणि १४ इंच रुंद आहे. तेवढ्याच मापाची छापील प्रत मिळवून तिच्यावर पेन्सिलीने एकेक इंचाच्या चौकटी आखाव्यात. १४० चौकटी होतील. मग शाळेच्या किंवा गोठ्याच्या भिंतीला चुन्याचा हात द्यावा आणि वाळल्यावर सुतळी कोळशात बुडवून सहा-सहा इंचांच्या तेवढ्याच चौकटी माराव्यात. भिंतीवर ५ फूट उंच आणि ७ फूट रुंद जागा तयार होईल. आता संपूर्ण चित्राकडे पाहायचेच नाही. एका चौकटीत जी रेघ असेल, तीच भिंतीवरच्या त्याच क्रमांकाच्या चौकटीत काढायची. तांबड्यासाठी गेरू, निळ्यासाठी नीळ, काळ्यासाठी काजळी, पिवळ्यासाठी पिवडी. डिंकाच्या पाण्यात कालवले की रंग भिंतीला धरतो. पावसाचे पाणी लागणार नाही अशीच भिंत निवडावी.

चित्र पुरे झाले की मुलांना एक काम आणखी द्यावे. भिंतीची एक बाजू कोरी ठेवावी आणि त्यांना सांगावे की या मेजापाशी तिसरा माणूस काढा. कोणी आजोबा काढील, कोणी खुरपे घेतलेली आई काढील. त्याच्या हातात काय द्यायचे, तेही मुलांनाच ठरवू द्या. एखादे चाणाक्ष पोर सातबाऱ्याचा कागद देईल. तसे झाले तर त्या पोराला शाबासकी द्या आणि घरातला सातबारा त्याच संध्याकाळी बाहेर काढून एकदा वाचा.